दोन ओळींचा डिस्प्ले

अर्धांगवायूनं सुलूबाईंची वाचा गेली, तेव्हा प्रीतमनं आईला एडवणहून सरावलीच्या आपल्या खोलीवर आणलं. तो बोईसरच्या एका कारखान्यात यंत्रांचं वायरिंग करायचा. आईला बटण दाबून निदान पाणी तरी मागता यावं, म्हणून त्यानं दोन ओळींचा एक छोटा डिस्प्ले विकत आणला.

सुट्टीच्या दुपारी त्यानं तो यूएसबी वायरनं लॅपटॉपला जोडला. लॅपटॉप काही त्याला ओळखेना. त्यासाठी ड्रायव्हर नावाचं सॉफ्टवेअर नेटवरून उतरवायला हवं होतं, आणि नेट रडतखडत चाललं होतं. सुलूबाई खाटेवर बसून चांगल्या हातानं तांदूळ निवडत होत्या.

अचानक डिस्प्ले उजळला.

‘प्रीतम, जेवलास का?’

“चालू झाला वाटतं!” त्याची बायको समिधा आतून पुढे आली.

“नाय गं. ड्रायव्हर अजून उतरतोच हाय.” प्रीतमनं लॅपटॉपच्या पडद्याकडे बोट दाखवलं. “आणि याच्यात मराठी नसतंच. फक्त इंग्रजी अक्षरं उमटतात.”

त्यानं वायर उपसून काढली. वीज तुटली, तरी डिस्प्लेचा उजेड तसाच राहिला. समिधानं त्याचा दंड घट्ट धरला.

तांदळातला हात थांबला. सुलूबाईंनी मान वर करून मुलाकडे पाहिलं. ओठ मिटलेले होते, पण डोळ्यांत इतकी माया होती, की प्रीतम नकळत जमिनीवर बसला.

पहिली अक्षरं विरली आणि त्यांच्या जागी सावकाश दुसरी उमटली.

‘मी रोजच बोलते रे. तुला आज दिसलं.’