आवाज जरा मोठा

सात वाजले आणि बाबांचा फोन पुन्हा वाजू लागला. आज सोळावा दिवस. ऑनलाइन योगवर्गाचं हे रोजचं बोलावणं बंद कसं करायचं, ते तिला काही केल्या सापडत नव्हतं. हेडसेटवर कोणीतरी रद्द झालेल्या विमानाच्या तिकिटावरून तिचा उद्धार करत होतं. "एक मिनिट थांबता का," असं गोड आवाजात म्हणून तिने हेडसेट काढला आणि टेबलावर आपटला.

साथ आली तेव्हा तिचं ऑफिस जेवणाच्या टेबलावर आलं आणि बाबांचा योग शेजारच्या खोलीत. ती त्या खोलीकडे पाठ करून बसायची. दार सताड उघडं, आवाज पूर्ण मोठा. फोन पुस्तकांना असा टेकवलेला, की वर्गाला फक्त छत आणि पंखा दिसावा.

"बाबा, इअरफोन लावा ना. मला काम आहे."

"कान दुखतात गं."

"मग दार तरी लावा."

"कोंडल्यासारखं होतं."

दूध उतू जायच्या बेताला आलं की दुसऱ्या खोलीतून ऐकू येणारा माणूस हा. त्यात रोज एकच प्रश्न: "मॅडम, श्वास सोडताना किती मोजायचं?" मॅडम न कंटाळता सांगायच्या, "घेताना चार, सोडताना सहा." तिच्या एका कानात ग्राहक, दुसऱ्या कानात मॅडम. एकदा ती ओरडली होती, "सहा, बाबा, सहा. भिंतीवर लिहून देऊ का?" ते नुसते हसले. विसरायला लागलेत, असं वाटून ती आणखीच चिडली.

मग एके दिवशी ते स्वतः चालत रुग्णवाहिकेत चढले. पुढचं सगळं तिला फोनवरच कळलं.

आज तिने तो फोन उचलला. नाव काढायला सांगायचं आणि विषय संपवायचा.

"या काका," चित्र यायच्या आधीच मॅडम म्हणाल्या. "होतात कुठे इतके दिवस? पंखा दिसला नाही तुमचा."

"मी त्यांची मुलगी. बाबा गेले. त्यांचं नाव काढून टाका, रोज फोन वाजतो." ती ऑफिसच्या आवाजात बोलली.

मॅडमनी चष्मा काढला.

"काढते," त्या म्हणाल्या. "काका योग करत नव्हते हो. खुर्चीत बसून असायचे."

"म्हणजे?"

"गुडघे कुठे वाकत होते त्यांचे. पहिल्या दिवशीच मला फोन करून म्हणाले, माझ्या मुलीच्या छातीत धडधडतं, हात कापतात. मी काही सांगायला गेलो की अंगावर येते. बाहेर टेबलाशीच असते ती. तुम्ही आवाज जरा मोठा ठेवा."

हेडसेटमधून बारीक आवाजात "हॅलो, हॅलो" चाललं होतं. फोन धरलेला हात कापत होता. तो तिने दुसऱ्या हाताने धरून पाहिला. मग ती शेजारच्या खोलीत गेली, खुर्चीत बसली आणि फोन त्याच पुस्तकांना टेकवला. वर्गाला छत दिसू लागलं.

"मॅडम," ती म्हणाली, "श्वास सोडताना किती मोजायचं?"