आत्याचे कंस

"शेवटी उघडलेला कंस आधी मिटायचा आणि सगळ्यात पहिला उघडलेला सगळ्यात शेवटी. संगणकाचं यंत्र कंसांची चळत रचतं, ताटांसारखी. वरचं ताट काढल्याशिवाय खालचं निघत नाही," बाई वर्गाला जीव तोडून समजावत होत्या.

"पण तळाचंच काम घाईचं असलं तर?" मागच्या बाकावरून प्रश्न आला.

"यंत्राला कसली आलीये घाई?" बाई हसल्या. तेवढ्यात बाईंच्या घरासमोरच राहणाऱ्या त्यांच्या आत्याचा फोन आला आणि बाईंचे डोळे चमकले. आत्या बोलता बोलता दहा फाटे फोडायची, पण एकही अर्धा सोडायची नाही. चालतंबोलतं उदाहरण! बाईंनी फोन स्पीकरवर टाकला.

"अगं, तुझ्या दाराखालून... म्हणजे मी शिंपिणीकडे निघाले होते, तर जिन्यात विहीणबाई भेटल्या, त्यांच्या जावेच्या गुडघ्याचं ऑपरेशन..."

बाईंनी फळ्यावर पटापट चार कंस उघडले. आत्याने सावकाश गुडघा बरा केला, एक मिटला. विहीणबाईंना चहा पाजून वाटेला लावलं, दुसरा मिटला. शिंपिणीशी मापावरून भांडून झालं, तिसरा मिटला. वर्ग टाळ्यांच्या तयारीत.

"हां, तर काय सांगत होते? तुझ्या दाराखालून पाणी येतंय गं मघापासून. जिन्याचा धबधबा झालाय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाई खडू टाकून धूम पळाल्या, पहिला कंस उघडाच ठेवून. नळासारखा.