कोठाराचा बिल्ला

आजूबाजूला कोणी नाही असं बघून प्रास्कोव्याने कोटाच्या खिशातून नवऱ्याचा पितळी बिल्ला काढला आणि फळ्यावरच्या त्याच्या खिळ्याला अडकवला. बिल्ला लटकला की माणूस कामावर आला. कारखान्याच्या फाटकावर एवढाच कायदा होता, आणि फाटक तिच्या ताब्यात होतं.

मग भोंगा झाला. लेनिनग्राडच्या वेशीबाहेरची ती अख्खी वस्ती चिखल तुडवत आत शिरली.

"पाशा, तुझा लुक्यान दिसला नाही वाटेत," आपला बिल्ला अडकवत खरादी गेरासिम प्रास्कोव्याला म्हणाला.

"तो कधीच आत गेला. तुझ्यासारखा भोंग्यावर डोळे चोळत येत नाही."

"बरं. माणूस सुधारला म्हणायचा."

गेरासिमला सगळं ठाऊक होतं. तसं ते बऱ्याच जणांना ठाऊक होतं. लाकडी साच्यांच्या कोठारात लुक्यान एकटाच असायचा आणि त्याच्यावाचून कोणाचं अडत नव्हतं. नागा पडला तर मात्र नोकरी जाणार होती, आणि नोकरीबरोबर कारखान्याच्या बराकीतली खोलीही. त्या एका खोलीसाठी प्रास्कोव्याने उभी जवानी झिजवली होती.

लुक्यान रात्रीच्या दारूने अजून घोरत पडला होता. उठल्यावर पुन्हा गुत्त्याकडे पळू नये म्हणून तिने त्याचे बूट सरपणाखाली दडवले होते. चुलीजवळ तिचे लोकरी बूट तेवढे होते, टाचेला लाल कापडाचं ठिगळ लावलेले. बर्फ वितळायला लागल्यापासून ती रबरी बूट घालून यायची. निघताना त्याला गदागदा हलवून ती म्हणाली होती, "जन्मात एकदा तरी कोणाच्या उपयोगी पड रे." त्याने एक डोळा उघडला आणि कूस बदलली.

जेवणाच्या सुट्टीआधी ओतशाळेतून ठिणगी उडाली आणि कोठार पेटलं. भोंगा वाजायला लागला तो थांबेचना. मुकादम तिखोन येर्मोलायिच धापा टाकत फाटकाशी आला, फळ्यावर नजर फिरवली आणि कोठाराचा एकुलता बिल्ला ओढून मुठीत धरला.

"पाशा, तुझा माणूस आत आहे गं," म्हणाला आणि आल्या पावली पळाला.

बोलायचं तर आत्ताच, हे तिला कळत होतं. पण बोलल्यावर काय, तेही कळत होतं. खोली गेली, वर फसवणुकीचा खटला. शोधतील, सापडणार नाही, परत येतील, असं तिने मनाशी ठरवलं. रिकाम्या कोठारात कोण मरायला बसलंय? डोक्याचा रुमाल तोंडाशी धरून तिने रडल्यासारखं केलं.

थोड्या वेळाने तिखोन काजळलेल्या तोंडाने परत आला.

"धीर सोडू नकोस. एक जण गेलाय आत."

"कोण?"

"धुरात कोण ओळखू येतंय? कुंपणाच्या भगदाडातून आला. आत कोणी आहे का म्हणून ओरडला. आम्ही म्हटलं, एक माणूस राहिलाय. डोक्यावर ओलं पोतं घेतलं आणि घुसला. नाव ऐकायलाही थांबला नाही."

प्रास्कोव्याने तोंडावरचा रुमाल काढला. कोणातरी बाईचा नवरा होता तो.

"बोलवा त्याला परत."

"काय?"

"आत कोणी नाही, तिखोन येर्मोलायिच. लुक्यान घरी झोपलाय. बिल्ला मी लावला."

मुठीतला बिल्ला चिखलात फेकून तिखोन हाका मारत धावला. तो पोचायच्या आत छप्पर बसलं.

आग विझल्यावर त्या माणसाला तुळईखालून काढून अंगणात ठेवलं. चेहरा राहिलाच नव्हता. वर ताडपत्री टाकली होती. गेरासिम टोपी हातात घेऊन उभा होता.

"कोणाच्या घरी निरोप द्यायचा?" त्याने विचारलं.

"कोणाचा आहे ते कळलं की ही जाईल," तिखोन म्हणाला. "हिनेच मारलाय."

"जाईन," प्रास्कोव्या म्हणाली. त्या बाईच्या दारात उभी राहीन, तिने मारलं तर मार खाईन, खोली गेली तर गेली. आपला निदान घरी घोरतोय, याचं तिला बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाज वाटली. मान खाली घालून ती पुढे झाली.

ताडपत्री आखूड पडली होती. खालून पाय बाहेर आले होते. पायांत पाण्याने चिंब झालेले लोकरी बूट होते, आणि टाचेला लाल कापडाचं ठिगळ होतं.