शिरवीच्या पाण्यातलं शिसं

पाण्यात शिसं आलं की पेटणारा घाटावरचा दिवा पुन्हा लाल झाला, तशी प्राध्यापक हेमांगी सातोसकर प्रयोगशाळेतून धावतच पायऱ्या उतरली. वरची शिशाची खाण बंद होऊन तीस वर्षं झाली होती. धातू खाणाऱ्या जिवाणूंनी शिरवी नदीचा गाळ कधीच धुऊन काढला होता. तरी आठ-पंधरा दिवसांनी पाण्यात शिसं यायचंच. पंधरा वर्षं ती त्याचा माग काढत होती. डोंगरात कोणीतरी चोरून खणतंय, असं अहवालात लिहून तिने अख्खा डोंगर पालथा घालायला लावला होता.

कमरेइतक्या पाण्यात भिवाजी राऊळ रिकामं मडकं धरून उभे होते.

"काका, काय सोडलंत पाण्यात?"

"आमच्या हिच्या अस्थी. आज तिसरा दिवस."

हेमांगीने मडक्याच्या तळाची चिमूटभर राख मापकाला लावली. आकडा चढला आणि चढतच राहिला.

"काकू हेच पाणी प्यायच्या?"

"मग काय, विकतचं? लग्न होऊन आली तेव्हापासून हेच. खाण जोरात होती तेव्हा."

म्हणजे खाणीतलं शिसं इतकी वर्षं काकूंच्या हाडांत जाऊन बसलं होतं. आणि दर खेपेला दिवा लाल व्हायचा, तो गावातल्या कुणाच्या तरी अस्थींनी.

भिवाजी लाल दिव्याकडे बघत राहिले. "मॅडम, हा कायमचा हिरवा कधी होणार?"

पायऱ्यांवर त्यांच्याच वयाची सात-आठ माणसं पाण्यात पाय सोडून बसली होती. हेमांगीची नजर एकेकावरून फिरली. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच तिला उत्तर माहीत होतं. तिने मापक बंद केला.