घुसखोराची तिसरी फेरी

“सापडला!” यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणाला आणि पडद्यावरच्या लाल ठिपक्यावर त्याने चक्क बोट टेकवलं.

फेरी: दुसरी. घुसखोर नौका: एक. किनाऱ्यापासून अंतर: तीन मैल. निकाल: पकडली.

तिने तक्ता भरला. ती या प्रकल्पाची तांत्रिक अधिकारी. निविदेच्या पहिल्या ओळीपासून आजच्या चाचणीपर्यंत नऊ वर्षं तिने ही फाइल कडेवर घेऊन वाढवली होती. डोंगरावरचं रडार, खांबांवरचे कॅमेरे, गस्तीच्या बोटी, सगळं एका जाळ्यात, एका पडद्यावर. तिन्ही फेऱ्यांत घुसखोर धक्क्याला लागण्याआधी सापडला की यंत्रणा पास. मग तिच्या सहीने ती अख्ख्या किनाऱ्यावर बसणार. आणि पहिल्या तारखेपासून बारा पहारा-चौक्या बंद. माणसं दुसरीकडे, दुर्बिणी जमा.

नियंत्रण कक्ष धक्क्यावरच होता, पण त्याला खिडकी नव्हती. एवढा मोठा पडदा असताना खिडकी कशाला, असं आराखड्यातच ठरलं होतं.

घुसखोर म्हणजे तिचे वडील. चाळीस वर्षांची मासेमारी, एक लाकडी होडी आणि आजच्यापुरतं गळ्यात चाचणी समितीचं ओळखपत्र. त्यावर नावाच्या जागी ‘घुसखोर’. त्यांना तिनेच सुचवलं होतं. हा किनारा त्यांच्याइतका कुणालाच ठाऊक नाही. ते सापडले तर कुणीही सापडेल. समितीचे अध्यक्ष सकाळी म्हणाले होते, “घरचाच चोर बरा. चहा तरी पाजता येतो.”

रेडिओ खरखरला. “घुसखोर बोलतोय. सापडलो बुवा! काय डोळा आहे तुमच्या यंत्राचा!”

सगळे हसले. तीही हसली. मग तिचं लक्ष ठिपक्यामागे उमटलेल्या रेषेकडे गेलं. होडीचा मार्ग. सरळ आलेली रेघ, आणि भर समुद्रात एक गाठ. तिने पहिल्या फेरीची रेघ काढून पाहिली. तिथेही गाठ.

“बाबा, मध्येच सहा मिनिटं थांबला होतात?”

“इंजिन तापलं गं जरा.”

“पहिल्या फेरीतही?”

“तेव्हाही तापलं.” खरखर. “म्हातारं झालंय तेही.”

ते इंजिन तापलेलं तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

बाबांना लपायला जमत नाही, असं तिला सात वर्षांची होईपर्यंत वाटायचं. दरवेळी तेच पाण्याचं पिंप, आणि पिंपामागून बाहेर आलेला तोच पाय. मग ती गल्लीतल्या मुलांत खेळायला लागली आणि तिला कळलं, इतकं वाईट कुणीच लपत नाही.

खऱ्या घुसखोराचं इंजिन असं सोयीने तापणार नव्हतं.

“तिसरी फेरी कागदावरच उरकू या का?” अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. “दोनदा सापडले. तिसऱ्यांदा काय वेगळं होणार? जेवणाची वेळ झाली.”

“अहवाल तयारच आहे, साहेब.” कंपनीच्या माणसाने तो तिच्यापुढे सरकवला. “बोट ठेवायला जागा नाही.”

शेवटच्या पानावर सहीसाठी मात्र जागा होती. ऐसपैस. तिने पान पालथं घातलं आणि रेडिओ उचलला.

“बाबा, मी आता कच्चं लिंबू नाही.”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. “मॅडम, लिंबं कसली मागवताय?”

रेडिओ खरखरला. मग वडिलांचा आवाज आला, खालच्या पट्टीत.

“नऊ वर्षं घातलीस गं त्यात.”

“म्हणून तर म्हणतेय.”

“साहेब लोक बसलेत ना तिथे?”

“बसू देत.”

“बरं.” ते खाकरले. “मग रडायचं नाही हं.”

त्यांनी रेडिओ बंद केला.

फेरी: तिसरी.

१२:१० समुद्र मोकळा.

१२:२५ समुद्र मोकळा.

१२:४० समुद्र मोकळा. अध्यक्षांनी बिस्किटांचा पुडा फोडला.

रडारने दाखवल्याशिवाय कॅमेरा मान वळवत नव्हता. कॅमेऱ्याने ओळखल्याशिवाय गस्तीची बोट हलत नव्हती. सगळी यंत्रं शहाण्या बाळांसारखी एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसली होती.

१२:५५ समुद्र मोकळा.

“भ्याले तुमचे वडील,” अध्यक्ष म्हणाले. “अर्ध्यातून परत फिरले असणार. लिहून टाका, घुसखोर फिरकलाच नाही.”

“चिटपाखरू नाही, साहेब,” कंपनीचा माणूस म्हणाला. “पाहा ना, कसा आरशासारखा स्वच्छ!”

तिने पाहिलं. काठापासून काठापर्यंत हिरवा, रिकामा समुद्र. ‘निकाल’ या शब्दापुढे तिने अजून काहीच लिहिलं नव्हतं. मागे दार करकरलं, पण पडद्यावरून नजर काढायची कुणाला गरज वाटली नाही.

तिच्या पाठीवर एक ओला, खरखरीत तळवा जोरात पडला.

“धप्पा!”