पहिला घास

"आधी लीडरचा, म्हणजे घरच्या मालकाचा घास, मग कुत्र्याचा. रविवारपर्यंत जमलं नाही तर मी ब्रूनोला परत नेणार, सर," कुत्र्यांना शिकवणाऱ्या नागराजअण्णांनी बजावलं.

जयनगरच्या घरात निहार एकटाच. ब्रूनोचा लळा लागला होता.

सोमवार. निहारने घास खाल्ला. ब्रूनो समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत थांबला, मगच जेवला.

बुधवार. निहारने खुर्ची गच्चीवर नेली. ब्रूनो त्या जागेकडे बघत थांबला.

रविवार. नागराजअण्णा बघायला आले. निहारने कुतूहलाने खुर्ची परत आणून तिच्यापुढेही इडली वाढली. त्याने स्वतः घास उचलण्याआधीच ब्रूनो आपल्या भांड्यातलं खाऊ लागला.

"नियम मोडला! सरी, ठीक आहे, नेतो मी याला."

"नाही मोडला, अण्णा."

खुर्चीपुढच्या इडलीचा तुकडा मोडलेला होता. निहारने तो नीट पाहिला. मगच आपला घास उचलला.