रविवारची सुई

"दे आता," तिला भूल द्यायला शिकवणारा ड्वेन म्हणाला.

ॲनिकाचा अंगठा सिरिंजच्या दट्ट्यावर होता. आत दुधासारखं पांढरं औषध. ते शिरेत गेलं की मार्लिसबाई झोपणार, आणि त्यांचा श्वासही थांबणार. मग ॲनिकाने नळीतून त्यांना श्वास द्यायचा. घरी मुलगी तापात झोपली की ती रात्रभर तिच्या छातीकडे बघत बसे, वरखाली होतेय ना म्हणून. इथे दुसऱ्या कुणाची छाती ती स्वतःच थांबवणार होती. गावातल्या दवाखान्यात ती परवानाधारक नर्स म्हणून स्वतः रोगी तपासायची, औषधं लिहून द्यायची, तेव्हा काही चुकलंच तर रोग्याला फोन करून परत बोलावता यायचं. भूल देणाऱ्या नर्सचं शिक्षण सुरू केल्यापासून तो फोन तिला रोज आठवे.

"तू का गं घामाघूम?" मास्कखालून मार्लिसबाई म्हणाल्या. "पोट माझं फाडणार आहेत."

ॲनिकाने सवयीने त्यांचा हात धरला. लग्नाची अंगठी काढायला बाई तयार झाल्या नव्हत्या, म्हणून वर चिकटपट्टी लावली होती. पट्टीखाली अंगठी सैल फिरत होती. दवाखान्यात ॲनिकाकडे यायच्या तेव्हा ती बोटात रुतलेली असायची.

"बारीक झालात."

"तुझीच कृपा! दर रविवारी चर्चहून आले की पोटात सुई टोचून घेते. एकही चुकवायची नाही, तूच दम दिला होतास."

अंगठा उचलायला तिला जोर लावावा लागला.

"मघाशी औषधं विचारली तेव्हा का नाही सांगितलंत?"

"गोळ्या विचारल्यास, गोळ्या सांगितल्या. वजनाची सुई, ती कुठे औषध?"

त्या सुईने अन्न पोटातच रेंगाळतं. भुलीत ते वर येतं आणि फुप्फुसांत उतरतं.

"थांबा," ॲनिका म्हणाली.

डॉक्टर हॅग्लंड हातमोजे चढवून उभे होते. "आता काय? उपाशी आहेत ना?"

"काल दुपारपासून!" मार्लिसबाईंनीच उत्तर दिलं. "शेजारणीच्या मयताच्या जेवणात बटाट्याचं सॅलड खाल्लं. मग फक्त पाणी."

ड्वेनने सोनोग्राफीचं यंत्र ओढलं आणि त्याचा दांडा बाईंच्या पोटावर टेकवला. पडद्याकडे तो बराच वेळ बघत राहिला.

"सॅलड आहे तिथेच आहे," तो म्हणाला.

डॉक्टरांनी हातमोजे ओढून काढले. पित्ताची पिशवी काही आठवड्यांनी काढली तरी चालणार होती.

"म्हणजे उगाच उपाशी मारलंत," मार्लिसबाई कुरकुरल्या. त्यांना बाहेर नेलं. ॲनिकाने सिरिंज ट्रेमध्ये ठेवली.

"ही सुई लिहून दिली कुणी?" ड्वेनने विचारलं.

"मी."

त्याने मान हलवली. रागावला नाही. "आणखी किती जणांना?"

शाळेची बस चालवणारा. पाद्र्यांची बायको. ग्रंथालयातली ती हसरी बाई. तिने आठवायचं थांबवलं. सगळ्यांना तिने एकही सुई चुकवू नका असंच बजावलं होतं, भुलीआधी सांगा असं कधीच नाही. कधी ना कधी कुठल्या तरी ऑपरेशनच्या टेबलावर कुणीतरी त्यांना गोळ्या विचारेल, आणि ते गोळ्या सांगतील.

"चल, पुढचा रोगी वाट बघतोय," ड्वेन म्हणाला.

तिने पडदा सरकवला. खाटेवरचा तिच्या दवाखान्यातला जुना रोगी कोपरावर उठून बसला आणि त्याचा चेहरा उजळला.

"अरे वा, ॲनिका! तू आहेस होय?" तो शेजारी बसलेल्या बायकोकडे वळला. "जा गं तू, निवांत कॉफी पिऊन ये. आता कसली काळजी!"